पत्रकावरची जोड : सांगली-मिरजेतले दोन दिवस

भिलवडी मागे पडलं की माझी झोप आपोआप उडते. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या खिडकीतून उसाचे फड अंधारात नुसते जाणवतात, आणि मग सांगली येते. आजोळ इथलं, त्यामुळे या स्टेशनावर उतरताना मी अजूनही सुट्टीला आलेली मुलगी असते. या वेळी मात्र काम घेऊन आले होते. मावसभाऊ मिरजेत फुटबॉलची लीग भरवतो. त्याचा फोन आला होता, "ताई, लीग दुसऱ्या वर्षाला आली, पण लोकं येईनात झालीत बघ. तू हेच काम करतेस पुण्यात, एकदा येऊन जा की."

पुण्यात मी खेळांच्या स्पर्धांच्या प्रसिद्धीचं काम करते. फुटबॉलवर माझा जीव आहे आणि देशातल्या फुटबॉलच्या रिकाम्या खुर्च्या बघून मला आजही वाईट वाटतं. म्हणून रजा टाकली.

स्टेशनाबाहेर चहा घेताना टपरीशेजारच्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे दोन जाहिराती शेजारी-शेजारी होत्या. एक भावाच्या लीगचा फ्लेक्स. पेटलेला चेंडू, एका परदेशी खेळाडूचा फोटो, वर पाच शुभेच्छुकांचे चेहरे, आणि मजकूर एवढाच : आठ संघ, २८ सामने, थरार. दुसरं होतं गुलाबी कागदाचं साधं पत्रक, गावच्या यात्रेतल्या कुस्ती मैदानाचं. मधोमध दोन पैलवान समोरासमोर, दोघांमध्ये 'विरुद्ध'. प्रत्येकाखाली त्याचं गाव, तालीम, कुणाचा पठ्ठा, आणि मधे इनामाची रक्कम. त्याखाली दुसरी जोड, तिसरी जोड, करत करत पार तळापर्यंत. चहा गाळणारे काका गिऱ्हाइकाशी बोलत होते ते दुसऱ्या नंबरच्या जोडीबद्दल. "हा पोरगा ढाक मारतो, पण दम कमी पडतो त्येचा."

फ्लेक्सबद्दल बोलायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं, कारण फ्लेक्सवर माणूसच नव्हता.

दुपारी साडेतीनला भावाबरोबर मिरजेतल्या मैदानावर पोचलो. चैत्राचं ऊन, सावली फक्त एका कडुनिंबाची. मी मोजली ती ४३ माणसं, आणि त्यातले निम्मे राखीव खेळाडू. सामना मात्र चांगला झाला. एका संघाच्या गोलरक्षकाने सलग दोन फटके असे अडवले की मी उभीच राहिले. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, बोटांना पांढऱ्या पट्ट्या. सामना संपल्यावर विचारलं तर म्हणाला, पट्ट्या खेळामुळे नाहीत, घरच्या कामामुळे. त्याचे वडील सतारमेकर गल्लीत तानपुरे करतात.

मिरजेला ही गल्ली माहीत नाही असा माणूस विरळा. सतार-तानपुऱ्याची ही कारागिरी इथे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही त्या मुलाबरोबरच त्याच्या दुकानात गेलो. दारात पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे रचलेले. त्याने एक भोपळा उचलला तो दोन्ही तळवे पसरून, छातीशी धरून, बोटं जराही न रुतवता. मी भावाकडे बघितलं. तासाभरापूर्वी गोलपोस्टसमोर चेंडू त्याने अगदी तसाच धरला होता. त्याचे वडील घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत होते : सूर गुंजावा म्हणून ती कानशीने घासत होते. मी मुलाचं कौतुक केलं तेव्हा त्यांनी कानस थांबवली. पोरगा खेळतो हे त्यांना माहीत होतं, पण संघ कुठला, सामने कधी, हे नाही. आणि संघाच्या नावावरूनही कळलं नसतं, कारण आठही संघांची नावं इंग्रजी, शेवटी 'एफसी', म्हणजे फुटबॉल क्लब. त्या संघातली सात पोरं त्याच गल्लीची आणि शेजारच्या दोन गल्ल्यांची आहेत, हे गल्लीलाच ठाऊक नाही!

संध्याकाळी कृष्णेपलीकडच्या गावात मैदानाला गेलो, ते त्या गुलाबी पत्रकातलं. या जिल्ह्याला कुस्ती शिकवावी लागत नाही. हिंदकेसरी मारुती माने इथल्याच कवठेपिरानचे. पोचेपर्यंत दिवे लागले होते, हलगी आणि घुमकं कडाडत होतं, लाल मातीभोवती माणसांचं रिंगण. बायकांसाठी जागा म्हणून शेजारच्या घराची गच्ची. मी वर जाऊन बसले. तिथल्या बऱ्याचजणी दुपारपासून बसून होत्या, कारण सुरुवातीला झाल्या त्या रेवडीवरच्या कुस्त्या, म्हणजे लहान पोरांच्या. पोरगं लढतंय म्हणून आई आली, आजी आली, आणि पोरगं हरलं-जिंकलं तरी मोठ्या जोडीपर्यंत त्या थांबल्याच. माझ्या शेजारच्या मावशींच्या नातवाने चार रेवड्या आणि एक दहाची नोट आणून त्यांच्या ओच्यात टाकली होती. ती नोट त्या दर थोड्या वेळाने चाचपून बघत होत्या.

खाली निवेदक एकेका पैलवानाची ओळख करून देत होता : बाप काय करतो, वस्ताद कोण, गेल्या यात्रेत कुणाला चीतपट केलं. मातीत उतरायच्या आधीच तो पैलवान लोकांच्या ओळखीचा होत होता. कुस्ती निकाली झाली की जिंकलेला पठ्ठा रिंगणाभोवती फिरे आणि लोक हातात दहा, वीस, पन्नास ठेवत. आपल्या खिशातले पैसे दिले की माणूस त्या पैलवानाला पुढच्या वर्षी विसरत नाही. प्रसिद्धीचं माझं सगळं शिक्षण त्या गच्चीवरून मला नव्याने दिसत होतं.

आणि याचंच फुटबॉल करून दाखवलेलं शहर इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ म्हणजे तालमी : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. नावातच पेठ, नावातच आखाडा. शाहू स्टेडियमवर लोक तिकीट काढून बसतात ते आपल्या पेठेसाठी. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ईर्षा हाताबाहेर गेली की हुल्लडबाजी होते, तेही कोल्हापूरने भोगलंय, आणि ते मला अजिबात मान्य नाही. पण रिकाम्या मैदानाचं औषध तिथे सापडलंय, हे खरं.

परत येताना गाडीत भाऊ म्हणाला, "पण आपल्याकडं स्टार कुठं हाय, ताई?" मी त्याला मुंबईतल्या अंधेरीची गोष्ट सांगितली. १ जून २०१८, भारत विरुद्ध चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. भारत ५-० जिंकला आणि बघायला होती अवघी २,५६९ माणसं. मी त्यांतली एक. दुसऱ्या दिवशी भारताचा कर्णधार सुनील छेत्रीने व्हिडिओतून लोकांना हात जोडले : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, पावसात स्टेडियम खच्चून भरलं. तोच संघ, तेच मैदान. मधल्या तीन दिवसांत बदललं एवढंच, की कर्णधाराने लोकांशी माणसासारखं बोलून त्यांना बोलावलं. पैसा ओतूनही प्रेक्षक टिकतोच असं नाही. फुटबॉलची इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली, पण आमच्या पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद झाला. जपानने १९९३ मध्ये दहा क्लबांनिशी जे-लीग सुरू केली तेव्हा क्लबच्या नावातून कंपनीचं नाव काढून गावाचं नाव पुढे आणलं. काशिमासारख्या छोट्या औद्योगिक गावाचा संघ त्या पहिल्याच मोसमात अव्वल संघांत गेला. नाव कुणाचं लावायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

रात्री मावशीच्या स्वयंपाकघरात, भडंग खात खात, रविवारच्या सामन्याचं पत्रक लिहिलं. संघांची नावं मधल्या मोसमात बदलता येणार नव्हती, म्हणून नावाआधी गल्ली घातली : सतारमेकर गल्लीची पोरं विरुद्ध रेल्वे कॉलनीची पोरं. मधोमध दोन फोटो, समोरासमोर. एकीकडे गोलरक्षक, छातीशी भोपळा धरलेला. दुसरीकडे रेल्वे कॉलनीचा स्ट्रायकर, ज्याने या मोसमात सहा गोल केलेत आणि या गोलरक्षकाविरुद्ध एकही नाही. त्याखाली बावीसच्या बावीस नावं आणि प्रत्येकाची गल्ली. पुढाऱ्यांचे फोटो काढायला भाऊ कचरत होता. शेवटी त्यांची नावं देणगीदारांत तळाला गेली.

वेळ पाचची केली. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव, म्हणजे उजेड असेपर्यंत संपतं आणि बाजारात काम करणाऱ्याला निदान उत्तरार्ध तरी मिळतो. साडेचारला दहा वर्षांखालच्या पोरांचा छोटा सामना, आमची रेवडीवरची कुस्ती. आणि बायकांसाठी कडुनिंबाखाली वीस खुर्च्या, शाळेचं स्वच्छतागृह उघडं. हे शेवटचं मी हट्टाने करून घेतलं. आईला दोन तास बसता येणार नसेल, तर तिला बोलावण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी साडेपाचशे प्रती काढल्या. त्या दुकानदाराच्या हातात ठेवण्यापेक्षा प्रत्येक खेळाडूला पंचवीस-पंचवीस दिल्या आणि आपापल्या गल्लीत वाटायला सांगितलं. एक रिक्षा भोंगा लावून फिरवली, नावं वाचत. फक्त नावं.

साडेचारला शंभरेक माणसं होती, बहुतेक छोट्या पोरांच्या घरची. सव्वापाचला मी पुन्हा मोजायला लागले आणि दोनशे साठच्या पुढे मोजणं सोडलं. हे काही खच्चून भरणं नव्हे. शनिवारच्या दुसऱ्या सामन्यातल्या संघांना अशी माणसं अजून मिळायची आहेत, आणि पुढच्या आठवड्याचं पत्रक कोण लिहिणार हेही ठरायचं होतं. पण कडुनिंबाखालच्या खुर्च्या भरल्या होत्या आणि मागे बायका उभ्या होत्या.

स्ट्रायकरने चाळिसाव्या मिनिटाला अखेर गोल केला. रेल्वे कॉलनीच्या पोरांनी डोक्यावर घेतलं त्याला. त्याच क्षणी मी गोलपोस्टच्या मागे बघितलं. तिथे गोलरक्षकाचे वडील उभे होते, दुकान बंद करून आलेले, बाह्यांवर अजून भोपळ्याचा भुसा. पोराला ते काही बोलले नाहीत. शेवटच्या दहा मिनिटांत पोराने दोन चेंडू बाहेर काढले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांचे हात आपसूक छातीशी आले.

सामना १-१ सुटला. रात्रीची गाडी गाठायची म्हणून मी बॅग घेऊन निघाले, तर गोलरक्षकाचे वडील भावाजवळ आले. हातातलं घडी घातलेलं पत्रक उलगडलं, त्या दोन फोटोंवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आता पुढच्या रविवारी आमच्या गल्लीची जोड कुणाबरोबर हाय?"