काठावरचे नाव

वस्तू दान म्हणून आली की तिच्याबरोबर घरची गोष्टही येते, आणि नोंदवहीत वस्तू आधी लिहायची, गोष्ट नंतर, ही शिस्त माझ्या वरिष्ठांनी मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच लावली होती. माप घ्यावे, वजन घ्यावे, जे कोरलेले असेल ते चुकीसकट जसेच्या तसे उतरवावे, आणि घरचे लोक काय सांगतात ते शेवटच्या रकान्यात लिहावे. आमचे संग्रहालय लहान आहे. नागपूर आणि आसपासच्या घरांतून आलेल्या वस्तू जपणे एवढेच आमचे काम. त्यामुळे हा शेवटचा रकाना पुष्कळदा पहिल्या सगळ्या रकान्यांपेक्षा मोठा होतो, आणि तो भरताना मला आनंदही होतो. त्या ऑक्टोबरमध्ये मात्र पहिल्या रकान्यांनीच आमची पंचाईत केली.

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरून निरोप आला होता. नौसेनेत १५ वर्षे नोकरी करून १९७८ साली निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची पदके, कागदपत्रे आणि गणवेशातील काही वस्तू त्यांच्या पत्नीला संग्रहालयाला द्यायच्या होत्या. नागपुरात सैन्याच्या वस्तू मिळणे अवघड नाही. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे, वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय इथेच आहे, त्यामुळे फौजेतला किंवा हवाई दलातला माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो. नौसेनेतला सापडत नाही. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने ८०० किलोमीटरहून दूर आहे. पोहायला शिकायचे म्हटले तर आमच्याकडे तलाव. गल्लीतले लोकही या गृहस्थांना शेवटपर्यंत ‘मिलिटरीवाले’ म्हणत राहिले, आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केले नाही, असे काकूंनी मला दारातच सांगितले.

आधी दसरा होऊ द्या, मग या, असे त्यांनी फोनवर सांगितले होते. त्याचे कारण घरात गेल्यावर कळले. दरवर्षी खंडेनवमीला त्यांच्याकडे विळी, हातोडी, शिवणयंत्र आणि नातवाचा लॅपटॉप यांच्याबरोबर ही पदकेही पूजेला मांडली जात. सकाळी चिंचेने घासायची, कोरडी करायची, पाटावर ठेवायची आणि हळदकुंकू वाहायचे. धातूच्या वस्तूला चिंच लावू नये, घासल्याने उठाव झिजतो, हे मी दाते मंडळींना नेहमी सांगते. तेथे मात्र मी गप्प बसले. घासणे आता थांबणारच होते, आणि चाळीसहून अधिक वर्षांच्या पूजेला बोल लावण्याइतका माझा अधिकार नव्हता.

वस्तू एका काळ्या ट्रंकेत होत्या. त्यात लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी येथील प्रशिक्षणाच्या काळातला गटाचा फोटो होता, खलाशाच्या गोल टोपीभोवती बांधायची जहाजाच्या नावाची काळी फीत होती, आणि फ्लीट मेल ऑफिसच्या, म्हणजे नौसेनेच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्यामार्फत गेलेल्या-आलेल्या आंतरदेशीय पत्रांचा एक गठ्ठा होता. गृहस्थ विमानवाहू ‘विक्रांत’वर बॉयलर रूममध्ये होते. १९७१ च्या भारत-पाक युद्धात विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता आणि उरलेल्या तिघांवर, वेग आवरून, जहाज बंगालच्या उपसागरात उतरले होते, हे त्या युद्धाविषयी वाचणाऱ्यांना ठाऊक असते. ४ डिसेंबरला त्याच जहाजावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ला केला. पण वर विमाने उडत असताना खाली त्या तीन बॉयलरांपाशी कोण उभे होते, याचा विचार मी त्या ट्रंकेसमोर बसेपर्यंत केला नव्हता. नोव्हेंबरमधल्या एका पत्रात त्यांनी बायकोला एवढेच लिहिले होते की येथे उकाडा आहे, पण आपल्या मे महिन्याइतका नाही. जहाज कोठे आहे याविषयी एक अक्षर नाही. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विक्रांतला विशाखापट्टणमजवळ शोधत होती आणि विक्रांत त्या वेळी अंदमानात दडवलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या उकाड्याच्या वाक्याचा अर्थ कळतो.

अंगणात एक बजाज व्ही मोटारसायकल उभी होती. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवेतून निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ साली तिथल्याच दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडण्यात आली. तिच्या पोलादाचा अंश वापरून ही गाडी काढल्याचे कंपनीने २०१६ मध्ये जाहीर केल्यावर सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांनी ती हट्टाने घेतली. चालवली कधीच नाही, रोज सकाळी टाकीवरून फडके मात्र फिरवले. नातवाने ती गाडीही संग्रहालयात घ्याल का, असे विचारले. मला फार मोह झाला. आमच्या कोठीत सायकलसुद्धा आडवी लावावी लागते, म्हणून नाही म्हणाले. त्या नकाराची रुखरुख अजून आहे.

पदके पाच होती, एकाच पट्टीवर शेजारी शेजारी बसवलेली, मागे टाचणी. १९७१ च्या युद्धाची दोन, पूर्वी स्टार आणि संग्राम पदक, शिवाय १९६५ चे रक्षा पदक, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचे पदक आणि ९ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक. फिती विटलेल्या होत्या आणि दर्शनी बाजू चिंचेने इतकी गुळगुळीत झाली होती की अशोकस्तंभाचे सिंह नुसते उंचवटे उरले होते. गोल पदकाच्या काठावर ज्याला ते मिळाले त्याचा क्रमांक, हुद्दा आणि नाव इंग्रजी अक्षरांत असते. ही अक्षरे इतकी बारीक असतात की घरच्यांना बहुधा ती आहेत हेच माहीत नसते. मी हातमोजे चढवले, भिंग काढले आणि एकेक काठ वाचू लागले.

अक्षरे तांबडी दिसत होती. घासणाऱ्याचे बोट काठापर्यंत फारसे पोचत नाही, पण कुंकू पोचते. वर्षानुवर्षांचे कुंकू कोरलेल्या खाचांत जाऊन घट्ट बसले होते, आणि त्यामुळे चेहरा पुसून गेलेल्या त्या पदकांवरील नावे जणू कोणी मुद्दाम रंगवावीत तशी वाचता येत होती. संग्राम पदकावर मी थांबले. क्रमांक वेगळा होता. आडनाव वेगळे होते. मी ते दोनदा वाचले, सेवापुस्तिकेतील क्रमांकाशी ताडून पाहिले, मग नातवाला वाचायला दिले. इतर चारही पदकांवर आजोबांचेच नाव होते, या एका पदकावर मात्र दुसऱ्याच खलाशाचे.

हे काकूंना सांगायचे की नाही, यावर मी चहा संपेपर्यंत विचार केला, हे कबूल करते. नोंदवहीत तर ते लिहावेच लागणार होते, आणि दानपत्रावर सही त्यांचीच हवी होती. जे त्यांचे नाही ते त्यांनी दिल्याचे लिहून घेणे म्हणजे उघड लबाडी झाली असती. मी नाव वाचून दाखवले. त्यांनी ते ओळखले नाही. मग मी जिल्ह्यावरून अंदाज घेण्यासाठी विचारले, की त्यांच्या बरोबरीचे कोणी कोकणातले होते का? आडनाव तिकडचे वाटत होते. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

“कोकण्या!” त्या म्हणाल्या. “एकदा आले होते आपल्याकडं मे महिन्यात. दोन दिवस माठापाशीच बसून होते बाप्पा, जहाजाच्या भट्टीत बरं होतं म्हणे!”

या माणसाचे खरे नाव त्यांनी त्या दिवशी, माझ्या तोंडून, प्रथमच ऐकले. घरात त्याचा उल्लेख नेहमी टोपणनावानेच होत असे. पदके हाती आल्यावर दोघांनी मुंबईत एकाच शिंप्याकडे ती पट्टीवर बसवायला टाकली होती, एवढे त्यांना आठवत होते. शिंप्याकडे अदलाबदल झाली असावी, हे सर्वांत साधे उत्तर. नातवाचे म्हणणे दुसरे होते: आजोबा दरवर्षी पट्टी हातात घेऊन बसत, चष्मा लावून काठ बघत, त्यांना ठाऊक नसणे शक्य नाही, दोघांनी मुद्दामच एकमेकांचे ठेवून घेतले असेल. दोन्ही शक्य आहे. काकूंना या वादात रस नव्हता. त्या पट्टीकडे बघत एवढेच म्हणाल्या, “मंग आमचं मेडल त्याईच्या घरी असन.” आणि थोड्या वेळाने, “तिकडं खंडेनवमीला पूजतात का नाही, कोण जाणे.”

पुढचे काम कागदी होते. चार पदके आणि ट्रंकेतल्या वस्तू दान म्हणून लिहिल्या. संग्राम पदक दानात धरता येत नव्हते. ते ‘तात्पुरता ताबा’ या सदराखाली वेगळ्या क्रमांकाने घेतले आणि मूळ धनी किंवा वारस सापडल्यास परत करण्याची अट काकूंच्या सहीने जोडली. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत कोकणातल्या कार्यालयांकडे विचारणा पाठवली, सोबत क्रमांकाची नक्कल. पट्टी उसवून पदक वेगळे काढावे का, हा प्रश्न आमच्याकडे आठवडाभर चालला. नियमाने दोन वेगळ्या मालकीच्या वस्तू एकत्र शिवलेल्या ठेवू नयेत. वरिष्ठांनी शिलाई पाहिली, मुंबईच्या त्या शिंप्याचा टाका अजून पक्का आहे असे म्हणाले, आणि पट्टी आहे तशी आम्लमुक्त कागदात गुंडाळून पेटीत ठेवली.

कोकणातून अजून उत्तर आलेले नाही. साफसफाईचा प्रश्न तेवढा बाकी होता, कारण कुंकवात काय काय मिसळलेले असते याचा भरवसा नसतो आणि पावसाळ्यात ते ओल धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत आणि दर महिन्याला मी त्या बदलते. नोंदवहीतल्या ‘वस्तूची स्थिती’ या रकान्यात मी लिहिले आहे: दर्शनी बाजू झिजलेली, फीत विटलेली, काठावरील नाव सुवाच्य, अक्षरांत कुंकू. त्याखाली वरिष्ठांनी स्वतःच्या हस्ताक्षरात दोन शब्द वाढवले आहेत: काढू नये.