अडीच वाजतच नाहीत त्या दिवशी

गुरुवार, रात्री

पुण्याच्या एका कंपनीतून आज दुपारी फोन आला. पॅकेज, कॅब, जिम, आरोग्य विमा ही यादी एचआरच्या बाईंनी पाठ असल्यासारखी म्हटली आणि ‘तुमच्या काही अपेक्षा?’ असे विचारून त्या थांबल्या. पगार हवाच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसातून जेवायला घरी जाऊन येता येते ही चैन हिंजवडीत परवडणार नाही, हेही ठाऊक आहे. पण त्या प्रश्नावर मला आठवला तो आमच्याकडचा परवाचा कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड इतरांनी वाचून त्याखाली शंका लिहिण्याची पद्धत.

आमच्या एका ग्राहकाचे हिशेब न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे रात्री अडीच वाजता आपोआप जुळवायचे होते. तो कोड आमच्यातल्या सर्वांत अनुभवी सरांचा. गेल्या वर्षी कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीने त्याखाली लिहिले, ‘सर, मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे अडीच वाजतच नाहीत. त्या दिवशी हे चालेल का?’ अमेरिकेत २००७ पासून याच दिवशी घड्याळे पुढे करतात. दोनला एक मिनिट कमी असताना पुढच्या क्षणी थेट तीन वाजतात. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असल्यामुळे आपल्याला हे फक्त संध्याकाळचा कॉल साडेसातवरून साडेसहावर आला की कळते. सरांनी तिचे म्हणणे मान्य करून कामाची वेळ यूटीसीत, म्हणजे वर्षभर न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, बांधली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो, हे तिला दाखवले आणि दोन्ही दिवसांच्या चाचण्या तिलाच लिहायला दिल्या. सगळे मिळून अर्धा तासही गेला नसेल.

याआधी मी जिथे होतो तिथे ही शंका कुणी लिहिलीच नसती. तिथे रिव्ह्यू म्हणजे घरी निघायच्या वेळी येणारा ‘अप्रूव्ह कर रे’ हा निरोप. सर्व्हर बंद पडला की बैठकीत पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ हाच असे, आणि त्या धास्तीने लोक लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदी, पुसून टाकण्यापर्यंत गेले होते. म्हणजे कारण ज्यातून सापडायचे तेच आधी नाहीसे व्हायचे, आणि तोच बिघाड काही आठवड्यांनी नव्या नावाने परत यायचा. माझे वडील उद्यमनगरात फाउंड्रीत होते. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेली पोकळी, निघाले की त्यांचे मिस्त्री आधी साच्याच्या वाळूतला ओलावा तपासत, साचा करणाऱ्या मोल्डरला बोलायचे ते नंतर, असे ते सांगतात. बोलणे चुकायचे नाहीच म्हणा, कोल्हापूर आहे!

कोड लिहिताना सलग दोन तास कुणी हाक मारू नये, रात्री उठून सर्व्हर पाहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी मिळावी, असेही मला वाटते. पण नव्याने आलेल्या मुलीला ज्येष्ठाच्या कोडवर निर्धास्तपणे बोट ठेवता येत नसेल, तर या सवलतींसाठी मी कोल्हापूर सोडणार नाही.

यातले थोडे बाईंना सांगून पाहिले. ‘ते टेक्निकल राउंडमध्ये विचारा,’ त्या म्हणाल्या. तो राउंड सोमवारी आहे. मागचा मोठा बिघाड झाला तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न काय निघाला आणि तो कुणी विचारला, एवढेच विचारायचे ठरवले आहे.