लुक्का: तिकीट कुठे मिळतं?

"तटावर जायचं तिकीट कुठे मिळतं?" इटलीतल्या लुक्का शहरात परिषदेच्या चहाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं. स्थानिक आयोजकबाई नुसत्या हसल्या.

तिकीट नाहीच. शहराभोवतीचा सोळाव्या-सतराव्या शतकातला हा 4.2 किलोमीटरचा तट वरून रुंद आहे, झाडांच्या सावलीचा. लोक त्यावर सायकल चालवतात, बाळाची गाडी ढकलतात. रमतगमत फेरी तासाभराची. शत्रूपेक्षा तो पाण्याविरुद्ध जास्त कामी आला: 1812 च्या पुरात दरवाजे बंद करून सेर्कियो नदी बाहेर थोपवली होती.

पीसाहून लोकल गाडीने साधारण अर्धा तास. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. स्टेशनसमोरच्या हिरवळीतून सरळ गेलं की सान कोलोंबानो बुरुजाखालची वाट लागते, पण तिथे पायऱ्या आहेत. चाकांची बॅग असेल तर डावीकडे सान पिएत्रो दरवाजा.

भाड्याची गाडी मात्र तटाच्या आत घालू नका. कॅमेरे नंबर टिपतात. हॉटेलने नंबर आधी कळवला नसेल तर काही आठवड्यांनी दंड, वर गाडीवाल्या कंपनीचं वेगळं शुल्क. आयोजक निमंत्रणपत्रात हे का लिहीत नाहीत?

आपल्याकडे कुठल्या तटावर लोक असे रोज संध्याकाळी फिरतात?