पॉलिमर क्लेचं पुढचं पुस्तक कोणतं?

‘कानातली, मणी, फुलं जमायला लागली; आता पॉलिमर क्लेचं पुढचं पुस्तक कोणतं घेऊ?’ असं तुम्ही वरचेवर विचारता. अडचण अशी की मुखपृष्ठावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ छापलेल्या पुस्तकातही बरीच पानं क्ले (ओव्हनमध्ये भाजून पक्की होणारी प्लास्टिकची माती) मळण्यात आणि हत्यारांच्या फोटोंत जातात.

तेव्हा आधी अनुक्रमणिका उघडा. प्रकरणांना वस्तूंची नावं असतील, तर ते नमुन्यांचं पुस्तक. स्किनर ब्लेंड (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा), मिलेफिओरी (नक्षीच्या कांडीच्या चकत्या), मोकुमे गाने (रंगांचे थर रचून कापणं) अशी तंत्रांची नावं असतील, तर पुढे वाचा. शोधतानाही हीच नावं टाका.

मग थेट स्किनर ब्लेंडचं पान काढा. ‘रंग मिसळेपर्यंत लाटायच्या मशीनमधून काढा’ एवढ्यावर भागवलं असेल तर पुस्तक परत ठेवा. दोन काटकोन त्रिकोण कोपऱ्याला कोपरा न भिडवता जरा सरकवून ठेवायचे, म्हणजे दोन्ही कडांना निव्वळ रंगाची पट्टी उरते. घडी दर वेळी त्याच दिशेने, खालची कड वरच्या कडेवर. रोलरमध्ये घडीची बाजू आधी घालायची, नाहीतर हवा अडकून फुगे येतात. असं वीस-पंचवीस वेळा. मध्येच शीट आडवी फिरवून घडी घातली की छटा गढूळ झालीच. एवढं सगळं तिथे लिहिलेलं हवं.

केनच्या, म्हणजे आरपार नक्षी असलेल्या क्लेच्या कांडीच्या, प्रकरणात हिशोब शोधा. ५ सेंमी व्यासाची, ३ सेंमी लांबीची केन दाबून-ओढून १ सेंमी व्यासावर आणली की ७५ सेंमी लांब होते, कारण क्ले तेवढीच राहते. शिवाय मऊ आणि कडक क्ले एकाच केनमध्ये आली तर मऊ भाग आधी पळतो, कडक मागे राहतो आणि नक्षीतल्या चेहऱ्याचा डोळा कपाळावर चढतो. हे ‘का’ सांगणारी पुस्तकं थोडी आहेत. डोना काटो यांचं ‘मिलेफिओरी टेक्निक्स’ असं एकाच तंत्राला वाहिलेलं आहे. एकाच विषयात खोल शिरणारी पुस्तकं सहसा जास्त कामाची.

जुन्या पुस्तकांना नाक मुरडू नका. नॅन रोश यांचं ‘द न्यू क्ले’ १९९१चं आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, ग्रंथालयांत विचारा. फक्त त्यातलं तापमान घेऊ नका. थॅलेटवर (क्ले मऊ ठेवणाऱ्या रसायनांवर) निर्बंध आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी मिश्रण बदललं, त्यामुळे क्लेच्या पाकिटावरचाच आकडा खरा. तो ब्रँडप्रमाणे वेगळा: फिमोला ११० अंश सेल्सिअस, प्रीमोला सुमारे १३०, काटोला १५०. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा. कमी भाजलेली पातळ पट्टी वाकवली की कट्कन तुटते.

क्लेच्या कपाटापाशीच थांबू नका. मिलेफिओरी मूळची काचकामातली, मोकुमे गाने जपानी धातुकामातलं. भौमितिक केनसाठी गोधडीच्या नमुन्यांचं पुस्तक तर फारच उपयोगी, आणि ते कुणी सुचवत नाही!

पैसे देण्याआधी प्रकाशनाच्या तपशिलाचं पान बघा. तेच पुस्तक नव्या नावाने, नव्या मुखपृष्ठाने पुन्हा निघालेलं असू शकतं.