बैलाचं चौथं चाक

आमच्या घरचा बैल बाबांहून वर्षभरानं लहान आहे. अस्सल सागवान, वशिंड ऐटदार, एक शिंग टोकाला जरा चेपलेलं. पाटीवर उभा, पाटीखाली दोन आस, आसांना चार चाकं. गेल्या तान्ह्या पोळ्याला गल्लीच्या तोंडाशी, सिमेंट रस्त्याच्या भेगेत अडकून त्याचं मागचं डावं चाक दुभंगलं. लेकीनं उरलेला रस्ता त्याला कडेवर घेऊन पार केला. तिचा बोजारा बुडाला नाही, पण बैलावर बसून ओरडायची तिची हौस राहिली ती राहिलीच.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याला शेतकऱ्याचे खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी पोरांचा, म्हणजे तान्हा पोळा. पोरं नटूनथटून आपापला लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि घरोघरची माणसं बैलाला ओवाळून पोरांच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात, तो बोजारा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली ही प्रथा सुरू केली, असं नागपुरात सांगतात. पोळ्याच्या आधी आठवडाभर महाल-इतवारीच्या रस्त्यांवर बैलच बैल मांडलेले असतात. वीतभर उंचीपासून पोरगं वर बसू शकेल इथपर्यंत.

बैल मिळतात. चाक मिळत नाही. सुट्टं, एक, लाकडी चाक मागितलं की दुकानदार आपल्याकडे अशा नजरेनं बघतो, की जणू आपण बुटाची फक्त उजवी बाजू मागितली.

आधी मी ते घरीच करायला गेलो. पुण्यात सोसायटीतल्या कडुलिंबाची फांदी तोडली होती, मनगटाहून बरीच जाड. तिची करवतीनं चकती पाडली, मधे भोक, झालं चाक! महिन्याभरात चकतीला मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ भेग गेली, कापलेल्या कलिंगडासारखी. दुसरी पाडली, तीही तशीच. माझं नशीब नव्हे, लाकडाचा स्वभाव. लाकूड वाळताना गाभ्याकडच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या जवळपास दुप्पट ते वर्षवलयांच्या कडेकडेनं आकसतं. घेर आवळत जातो, त्रिज्या तेवढी कमी होत नाही. मग तो ताण कुठेतरी फुटून बाहेर पडणारच. म्हणून चाक फांदीच्या चकतीचं नसतं, फळीतून कापलेलं असतं. जुन्या सुतारांना हे त्रिज्या-घेर न मांडता माहीत होतं. मला दोन चकत्या फुकट घालवून कळलं.

मग बाजार. हार्डवेअरच्या दुकानात एका हुशार मुलानं मला पटवलं की कॅस्टर लावा, टेबलाखाली असतात ती. चारही लावली. बैल इतका सुळकन चालायला लागला की दोरी समोर ओढावी तर तो आडवा सरकत भिंतीकडे जाई. नंदीबैल मुंडी हलवतो हे ठाऊक होतं, खेकड्यासारखा चालतो हे नवीन. शिवाय आवाज गेला. लाकडी चाकाची खडखड नसेल तर बैल येतोय हे घरातल्या आजीला कळणार कसं? कॅस्टर संध्याकाळच्या आत काढली.

नंतर खेळण्यांची म्हणून तयार लाकडी चाकं मिळाली, छान गोल, गुळगुळीत. त्यांची भोकं सहा मिलिमीटरची. आमच्या बैलाचे आस दोन सुताचे, म्हणजे पाव इंच, म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस. एवढ्याशा फरकानं चाक आत जाईना. आठ मिलिमीटरचं घेतलं तर दारूड्यासारखं डुले. देशानं इंच सोडून मिलिमीटर धरले तेव्हा लाकडी बैलांना कुणी विचारलं नव्हतं.

याच धांदलीत मला दायमाबादचा हत्ती आठवायला लागला. प्रवरेच्या काठच्या या गावात 1974 साली झाडाची मुळं खणताना चार ब्राँझच्या वस्तू निघाल्या. बैलजोडीचा रथ, गेंडा, रेडा आणि हत्ती, सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण सर्वसाधारणपणे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचं मानतात. वजन बघता पोरांची खेळणी नसावीत. मिरवणुकीत ओढत असतील, असं आपलं मला वाटतं. रथाला, गेंड्याला, रेड्याला भरीव चाकं आहेत. हत्तीच्या पाटीखाली आस घालायची सोय आहे, आस नाहीत, चाकंही नाहीत. बैलाचं चाक दुभंगल्यापासून त्या हत्तीचा फोटो मी पाच-सहा वेळा तरी उघडून बघितलाय. तिथंही चाक शोधत कुणी हिंडलं असेल आणि शेवटी ‘असू दे, उचलून नेऊ’ म्हणालं असेल. पण हत्ती पंचवीस सेंटिमीटर उंच आणि भरीव. उचलणाऱ्याची दया येते.

शेवटी यंदा पोळ्याला चार दिवस आधीच नागपूर गाठलं आणि बैल काखेत मारून पोळपाट-लाटणी करणाऱ्या एका खरादवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बैल उलटा केला, आसावर नख मारलं.

“कायले याच्या मागं लागून राह्यले भाऊ? नवा बैल घेऊन टाका ना.”

“हा बाबांचा आहे.”

“मग ठीक आहे,” म्हणाले आणि कोपऱ्यातून सागाचा फळीचा तुकडा काढला. “जुनं चाक आणलं का मापाला?”

जुन्या चाकाच्या फाळक्या मी पुण्यात कचऱ्यात टाकल्या होत्या. ही माझी खरी चूक, बाकीच्या सगळ्या शिकाऊपणातल्या. बाबांना फोन लावला. “तीन इंची,” ते ठणकावून म्हणाले. काकांनी दहा मिनिटांत तीन इंची चाक उतरवलं, भोकात एरंडेलाचं बोट फिरवलं, ऐंशी रुपये घेतले.

घरी आल्यावर कळलं, बाबांचं माप बरोबर होतं, पण ते बाबांच्या लहानपणचं. उरलेली तीन चाकं साठ वर्षांत झिजून सूतभर उतरलेली. नवं चाक त्यांच्यात उंच. बैल उभा राहिला की पुढचा डावा पाय अधांतरी, आणि चालला की टक्-खड, टक्-खड.

तान्ह्या पोळ्याला कोपऱ्यावरच्या घरच्या आजींनी ओवाळणी करता करता हात थांबवला. “पाय दुखून राह्यला का गं याचा?” लेकीनं गंभीरपणे हो म्हटलं. आजी आत गेल्या, दहाच्या जागी वीस रुपये आणले आणि पुरणपोळीचा एक घास बैलाच्या तोंडाला लावला.

मी म्हटलं, उद्या कानस मारून ते चाक बाकीच्यांच्या मापाचं करू. लेक बैलाला घेऊन पलंगाखाली जाऊन बसलीय.