सोबत आलेली जाऊ

श्रावणी सोमवार होता, त्यामुळे दवाखान्यात गर्दी कमी होती. पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतल्या दोघी जावा आल्या. नंबर थोरलीचा. वय ५१, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. "मॅडम, अंगातून नुसत्या वाफा निघतात. रात्री घाम फुटतो, उशी भिजते. आमचे हे म्हणतात, पंखा पाचवर अन् तरी काय उकडतंय तुला?"

तिचं बीपी बघताना माझं लक्ष सारखं मागे जात होतं. स्टुलावर धाकटी बसली होती आणि तिच्या तोंडातून कडाकडा आवाज येत होता. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात बर्फाचे खडे. बाहेर पाऊस, हवेत गारठा, आणि ही बाई बर्फ फोडून खातेय.

"रोज खाता?"

"तिला वेडच लागलंय त्याचं," उत्तर थोरलीनेच दिलं. "फ्रीजमधला ट्रे पुरत नाही."

शरीरातलं लोह फार कमी झालं की काही जणांना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. बर्फाची ओढ तर त्यात अगदी ठळक. मी धाकटीला पुढे बोलावलं. खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. नाडी ११२.

"मी नुसती सोबत आलीय हो," ती म्हणाली.

पाळीचं विचारलं तर म्हणाली, "जायला आलीय. दोन-दोन महिने येत नाही, अन् आली की पंधरा दिवस हटत नाही." वय ४७. दुहेरी कापड, वर पॅड, तरी तासा-दीड तासाने बदलावं लागायचं. रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी. सकाळी पाच घरच्या पोळ्या, मग वसाहतीत वरच्या अंगाला घर, चढताना मध्ये तीनदा बसायचं. दम लागतो तो वयाने, असा तिने स्वतःच निकाल लावून टाकलेला. "सासूबाई म्हणायच्या, जाताना सगळी घाण निघून जाते. म्हटलं, जाऊ दे."

या घाणीच्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. अंगावरून जातं ते रक्त असतं, आणि त्याच्याबरोबर लोह जातं. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, ८ च्या खाली तीव्र. हिचं आलं ४.९. इतक्या कमी रक्तावर माणूस चालतंबोलतं राहतं, कारण ते महिनोनमहिने हळूहळू उतरत गेलेलं असतं आणि शरीर निभावून नेतं.

लघवीची गरोदरपणाची तपासणीही केली. दोघी जावा खो-खो हसल्या. हसू देत. पाळी मागेपुढे होत असली तरी अधूनमधून बीज सुटतं, आणि चाळिशीनंतर राहिलेली पोटं मी पाहिली आहेत. निगेटिव्ह आली.

थोरलीचा प्रश्न होता, "मला वाफा अन् हिला रक्त, असं कसं?" प्रश्न चांगला होता. थोरलीचं इस्ट्रोजेन उतरलेलं. ते उतरलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग जरा जरा कारणाने बिथरतो आणि घाम फोडतो. धाकटी अजून पाळी जाण्याच्या आधीच्या काळात, पेरिमेनोपॉजमध्ये. तिथे इस्ट्रोजेन कधी वर, कधी खाली, पण बहुतेक महिन्यांत बीज सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. पावसाळ्यात पर्वतीच्या उतारावर गवत माजतं तसं मग गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत जातं, आणि सुटतं तेव्हा थांबत नाही.

मी ज्या धर्मादाय रुग्णालयात जाते तिथे तिला त्याच दिवशी भरती केलं. अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी रेशनकार्ड आणायला मुलाला पावसात घरी पिटाळलं. रक्त चढवलं, पण सावकाश, कारण थकलेल्या हृदयावर एकदम भार नको. मग शिरेतून लोह. तिसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, बर्फ मागायचा बंद झाला. हिमोग्लोबिन पुरतं भरायच्या आधीच ही ओढ जाते, दर वेळी मला त्याची मौज वाटते.

सोनोग्राफीत अस्तर १७ मिलिमीटर. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही, कारण कर्करोग त्याच वाटेने येतो. अहवाल आला: अस्तर वाढलंय, पण पेशी बिघडलेल्या नाहीत. अशा वाढीचा पुढच्या वीस वर्षांत कर्करोग होण्याचा धोका ५ टक्क्यांहून कमी असतो, आणि ती औषधाने बहुतेक वेळा मावळते.

नवरा म्हणाला, "पिशवीच काढून टाका मॅडम. आता काय उपयोग तिचा?" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तरी लोकांना तो अजून सोपा उपाय वाटतो. कधी कधी पिशवी काढावी लागते, नाही असं नाही. पण हिच्यासाठी गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल होती. ती रोज थोडं थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध थेट अस्तरावर सोडते.

"म्हणजे कॉपर टी? या वयात?" नवऱ्याचे कान लाल झाले. थोरली हसून हसून बेजार.

थोरलीचं थोडक्यात सांगते. रक्तदाब ठीक होता, छातीची तपासणी ठीक, हार्मोनच्या गोळ्या न देण्यासारखं काही नव्हतं. तिला कर्करोगाची भीती होती, तेव्हा नफातोटा दोन्ही मांडले. विचार करून आली आणि कमी मात्रेत सुरू केलं.

धाकटी तीन महिन्यांनी तणतणत आली. "थेंब थेंब चालूच आहे. काय बसवलंत?" सहा महिन्यांपर्यंत असं चालतं हे आधी सांगितलेलं, पुन्हा सांगितलं. हिमोग्लोबिन ११.२ होतं. अस्तराचा तुकडा पुन्हा तपासायची तारीख फेब्रुवारीत दिली, तर म्हणाली, तेव्हा लग्नाच्या ऑर्डरी असतात, मार्चमध्ये बघू. मी ऐकलं नाही. फेब्रुवारीतलीच, पण बिनमुहूर्ताची तारीख काढून दिली, आणि कार्ड मुद्दाम थोरलीच्या हातात ठेवलं.