तुम्ही विचारलंत म्हणून: की कोथरूडला, अँटेना भोरला

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या बिनतारी संचाचा, विषय निघाला आणि मी मोर्सची कळ, म्हणजे 'की', घरी ठेवून संदेश पाठवतो हे कळलं की हा प्रश्न येतोच. "की तुमच्या टेबलावर, रेडिओ भोरजवळच्या शेतावर, मध्ये इंटरनेट. मग सरळ मेसेजच का पाठवत नाही? यात बिनतारी काय राहिलं?" प्रश्न रास्त आहे आणि विचारणारा बहुधा आयटीतला असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी शेतावर का, ते. ४० मीटर बँडसाठी (सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या लहरींसाठी) साधा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, म्हटला तरी सुमारे २० मीटर तार ताणावी लागते. सोसायटीने गच्चीवर परवानगी दिली नाही, पण दिली असती तरी फारसा उपयोग नव्हता. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, चार्जर या सगळ्यांची शहरात इतकी खरखर असते की क्षीण सिग्नल तिच्याखाली बुडूनच जातो. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात उभारल्या, त्यामागेही माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी होता हे एक मोठं कारण होतं. शेतावर रात्री हेडफोन लावले की बँडचा तळ, म्हणजे अगदी क्षीण सिग्नलही, ऐकू येतो. परवान्यावर स्टेशनचा पत्ताही शेताचाच आहे.

आता मूळ मुद्दा. मोर्समध्ये सगळा अर्थ वेळेत असतो. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने एक डिट (छोटी खूण) ६० मिलिसेकंदांचा, डा (लांब खूण) त्याच्या तिप्पट, १८० चा. अक्षराच्या आतली फट ६०, दोन अक्षरांमधली १८०. इंटरनेटवरून जाणारी पॅकेट मात्र सारख्या अंतराने पोचत नाहीत. एक ३० मिलिसेकंदांत जातं, पुढचं १५० घेतं. की दाबली-सोडली हे जसं पोचेल तसं रेडिओला दिलं, तर डि-डा या 'ए' मधली फट ६० ची १८० होते, आणि पलीकडच्याला 'ए' ऐकूच येत नाही. त्याला आधी 'ई' (एकच डिट) ऐकू येतो, मग 'टी' (एकच डा). कॉलसाइनमध्ये, म्हणजे स्टेशनच्या ओळखीच्या अक्षरांत, असं एकदा झालं तरी तो माणूस तुम्हाला दुसराच कोणीतरी समजतो.

म्हणून माझ्या टेबलावरचा छोटा बोर्ड नुसतं "दाबली", "सोडली" एवढंच पाठवत नाही, प्रत्येकावर वेळेचा शिक्का मारून पाठवतो. शेतावरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ते सगळं जरा धरून ठेवतो, साधारण पाव सेकंद, आणि मग शिक्क्यांमधलं अंतर जसंच्या तसं ठेवून रेडिओची की चालवतो. उशीर होतो, पण प्रत्येक डिटला, प्रत्येक फटीला तेवढाच. त्यामुळे लय शाबूत राहते.

कानात येणारा टोन मात्र घरच्या बोर्डावरच तयार व्हायला हवा. शेतावरून फिरून येणारा स्वतःचा टोन पाव सेकंद मागून ऐकू आला तर कितीही मुरलेला हात अडखळतो. पुढची खूण कधी द्यायची, हे कान हाताला सांगत असतो.

आणि एक गोष्ट कुणीही गाळू नये. की दाबलेली असताना नेट गेलं तर "सोडली" हा निरोप पोचतच नाही, आणि १०० वॅटचा ट्रान्समीटर बँडवर तसाच सुरू राहतो. इतरांच्या कानाला त्रास, शिवाय रेडिओचा आउटपुट स्टेजही जळू शकतो. त्यामुळे टायमर हवाच. ठरावीक वेळ निरोप आला नाही की शेतावरची पेटी स्वतःहून की सोडते. व्हीपीएन, पोर्ट वगैरे भानगडी आहेत, पण त्या तुमच्यापैकी बहुतेकांना माझ्याहून चांगल्या जमतील.

हे सगळं टाईप करून टाळता येतं, हे खरं. अक्षरं पाठवा, शेतावरचा कीयर (आपोआप की चालवणारी पेटी) त्यांचे अगदी रेखीव डिट-डा करील. बरेच जण तसंच करतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण मी साधी, हाताने खालीवर दाबायची स्ट्रेट की वापरतो आणि मला माझा हात पोचवायचा असतो. कोचीचे एक ज्येष्ठ हॅम आहेत, त्यांचा 'क्यू' मधला शेवटचा डा नेहमी किंचित लांबतो. कॉलसाइन यायच्या आत मला कळतं की तेच आहेत. तेही मला "नमस्ते" म्हणतात ते माझी कॉलसाइन पुरी व्हायच्या आधी. आवाजावरून माणूस ओळखावा तशी ही ओळख. ती पाव सेकंद उशिरा पोचली तरी चालेल, पुसून पोचलेली मला चालणार नाही. आणि भोरच्या तारेपासून कोचीच्या तारेपर्यंत जे जातं ते आजही आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, उडी घेऊनच जातं. की आणि रेडिओ यांच्यातली दीड मीटरची वायर तेवढी लांबली.

एक सुख मात्र गेलं. रेडिओ शेजारी असला की दोन डिटांच्या मधल्या फटीतही बँड ऐकता येतो. पलीकडच्याने मध्येच टोकलं तर तिथल्या तिथे थांबता येतं. आता मला ते कळेपर्यंत मी पुढचं अक्षर देऊन बसलेलो असतो. स्पर्धेत म्हणूनच मी शेतावर जाऊन बसतो, रिमोटवरून भाग घेत नाही.

तुम्हाला स्वतः करून पाहायचं असेल, तर शेतावर किंवा गावी विश्वासाचा माणूस आधी बघा. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की विजेच्या भीतीने अँटेनापासून रेडिओकडे येणारी कोअक्स केबल काढून खिडकीबाहेर ठेवावी लागते, आणि पुण्यात ऊन असतं तेव्हा भोरला ढग आलेत हे मला दिसत नाही. आमच्याकडे हे काम चुलतकाका करतात. केबल काढली की फोन करतात, "काढलीय रे, आज नको बसूस."